तेजावरून वजन: एम८२ एक्स-२ या क्ष-किरण स्रोताचं प्रकरण

२१ जानेवारी २०१४ची संध्याकाळ. लंडनच्या मिल हिल भागातल्या विद्यापीठाच्या वेधशाळेवर ढग येऊ लागले होते. ठरलेलं प्रात्यक्षिक होण्यासारखं नव्हतं. म्हणून कॅमेरा कसा वापरायचा एवढं तरी दाखवावं, या हेतूने शिक्षकांनी दुर्बीण एका ठळक दीर्घिकेकडे वळवली. सप्तर्षी तारकासमूहातली ही दीर्घिका म्हणजे एम८२, आपल्यापासून सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षांवर. पडद्यावरच्या चित्रात, जिथे आधी तारा नव्हता तिथे तारा दिसला. एका ताऱ्याचा स्फोट झाला होता. त्याला पुढे एसएन २०१४जे हे नाव मिळालं.

हे प्रकरण त्या स्फोटाचं नाही. स्फोटामुळे अवकाशातल्या दुर्बिणी कित्येक आठवडे एम८२कडे रोखल्या गेल्या आणि त्या निरीक्षणांत दुसरीच एक वस्तू पकडली गेली. ती वर्षानुवर्षं सगळ्यांसमोर होती, तिला नाव होतं, तिच्यावर लेख लिहिले गेले होते. ती काय आहे, हेच तेवढं चुकलं होतं.

पार्श्वभूमी

१९७८मध्ये आइनस्टाइन वेधशाळा हा उपग्रह सोडला गेला आणि दुसऱ्या दीर्घिकांची क्ष-किरणांतली नीट चित्रं पहिल्यांदा मिळू लागली. काही दीर्घिकांमध्ये केंद्रापासून बाजूला फार तेजस्वी ठिपके दिसले. केंद्रात असते तर कोणी चकित झालं नसतं, कारण तिथे महाकाय कृष्णविवर असतं. हे ठिपके मात्र साध्या ताऱ्यांच्या वस्तीत होते. नुसत्या क्ष-किरणांतलं त्यांचं तेज सूर्याच्या एकूण तेजाच्या २.६ लाख पटींहून जास्त भरत होतं. अशा वस्तूंना पुढे ‘अतितेजस्वी क्ष-किरण स्रोत’ म्हणू लागले. २.६ लाख ही त्यासाठी ठरवलेली खालची रेघ.

ही रेघ तिथेच का, हे कळलं की पुढचं सगळं उलगडतं. एखादी घट्ट वस्तू, म्हणजे न्यूट्रॉन तारा (स्फोटात मेलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा) किंवा कृष्णविवर, शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून घेते. वायू भोवऱ्यासारखा फिरत आत जातो, लाखो-कोटी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. प्रकाशालाही रेटा असतो. वायू जितका जास्त पडेल तितका प्रकाश जास्त, आणि प्रकाश जितका जास्त तितका येणाऱ्या वायूला बाहेर ढकलणारा रेटा जास्त. एका टप्प्यावर गुरुत्वाची ओढ आणि प्रकाशाचा रेटा सारखे होतात आणि घास घशाखाली उतरेनासा होतो. आर्थर एडिंग्टन यांनी ताऱ्यांसाठी मांडलेल्या विचारातून आलेली ही मर्यादा, म्हणून तिला एडिंग्टन मर्यादा म्हणतात. सर्वसाधारण हिशेब असा: वस्तूच्या दर एका सौर वस्तुमानामागे (म्हणजे सूर्याएवढ्या वस्तुमानामागे) जास्तीत जास्त सुमारे ३३ हजार सूर्यांएवढं तेज.

१.४ सौर वस्तुमानाच्या न्यूट्रॉन ताऱ्याला ४६-४७ हजार सूर्यांची परवानगी. १० सौर वस्तुमानाच्या कृष्णविवराला ३.३ लाखांची. आणि एम८२मधला सर्वांत तेजस्वी स्रोत, एक्स-१, भरात असताना जातो सुमारे २.६ कोटींवर. भागाकार केला तर त्याचं वस्तुमान किमान ८०० सूर्यांएवढं येतं.

तेजावरून वजन काढायची सवय इथूनच लागली. उत्तर हवंहवंसंही होतं. ताऱ्याच्या मृत्यूतून होणारी कृष्णविवरं काही दशक सौर वस्तुमानांची, दीर्घिकांच्या केंद्रातली लाखो ते अब्जावधींची. मधली जागा रिकामी होती. तिथे बसणारी मधल्या वजनाची कृष्णविवरं सापडली, असं वाटू लागलं.

अडचण

एम८२मध्ये एक्स-१च्या अगदी शेजारी दुसरा स्रोत आहे, एक्स-२. आकाशात दोघांमध्ये अंतर फक्त ५ विकला, म्हणजे अंशाच्या ३६०० भागांतले ५ भाग. पाऊण-एक किलोमीटरवर धरलेलं रुपयाचं नाणं साधारण तेवढं दिसेल. प्रत्यक्षात त्या ५ विकलांत सुमारे ३०० प्रकाशवर्षं मावतात, पण पाहणाऱ्या यंत्राला दिसतं ते ५ विकलाच.

चंद्रा ही क्ष-किरण दुर्बीण (सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, १९९९मध्ये सोडलेली) या दोघांना सहज वेगळं दाखवते. नजरेच्या बारकाईत तिला तोड नाही. पण तिचा कॅमेरा नेहमीच्या पद्धतीने चालवला तर ३.२ सेकंदांना एक चित्र घेतो. छताच्या पंख्याचा फोटो सावकाश शटरने घ्या: पाती दिसत नाहीत, फिकट चकती दिसते. एखादी वस्तू दर सेकंदाला लुकलुकत असेल तर अशा चित्रात तिचा नुसता सरासरी उजेड उमटतो. युरोपची एक्सएमएम-न्यूटन काळाच्या बाबतीत कितीतरी चपळ आहे, पण तिच्या चित्रात एक्स-१ आणि एक्स-२ एकाच डागात मिसळतात. एका यंत्राला जागा कळत होती, दुसऱ्याला वेळ. दोन्ही एकत्र कोणाला कळत नव्हतं.

यापेक्षा मोठी अडचण डोक्यातली होती, असं मला वाटतं. २०१०मध्ये एक्स-२च्या तेजात काही मिनिटांच्या आवर्तनाचे सावकाश हेलकावे सापडले. ओळखीच्या कृष्णविवरांच्या हेलकाव्यांशी त्यांची तुलना करून निघालेला अंदाज होता दहा हजार सौर वस्तुमानांहूनही जड कृष्णविवराचा. काम प्रामाणिक होतं, पद्धतही त्या काळी मान्य होती. पण वस्तू कृष्णविवर आहे, हे त्या हिशेबात आधीच धरलेलं होतं. प्रश्न उरला होता तो फक्त किती जड, एवढाच.

तोवर तोलून पाहिलेले पर्याय

पहिला पर्याय वर आलाच: मधल्या वजनाची कृष्णविवरं, मर्यादेच्या आत राहून निवांत खाणारी. याच्या बाजूने आजही एक भक्कम उमेदवार उभा आहे. २००९मध्ये जाहीर झालेला ईएसओ २४३-४९ या दीर्घिकेतला एचएलएक्स-१ भरात असताना २६ कोटी सूर्यांच्या घरात जातो, त्यामुळे हा पर्याय सरसकट मोडीत काढता येत नाही.

दुसरा पर्याय होता ताऱ्यापासून झालेल्या साध्या कृष्णविवराचा, मर्यादेपलीकडे खाणाऱ्या. जास्तीचा वायू जाड तबकडी आणि वारा होऊन बाहेर उसळतो, मध्ये नरसाळ्यासारखी वाट उरते आणि प्रकाश त्या वाटेने एकवटून बाहेर येतो. आपण नेमके नरसाळ्याच्या तोंडासमोर असू तर वस्तू आहे त्यापेक्षा कितीतरी तेजस्वी भासते. जून २०१२मध्ये नूस्टार ही दुर्बीण कक्षेत गेली आणि या पर्यायाला बळ आलं. ती जास्त ऊर्जेचे क्ष-किरण टिपते. तिने पाहिलेल्या अनेक अतितेजस्वी स्रोतांचा वर्णपट १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (हे क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास खाली वळताना दिसला. निवांत खाणाऱ्या जड कृष्णविवराकडून तशी अपेक्षा नव्हती.

तिसरा पर्याय न्यूट्रॉन ताऱ्याचा. तो कागदावर होता, पण त्याच्यावर वेळ घालवावा असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. मर्यादेच्या दहापट पुढे जाणारं कृष्णविवर पटवून घेताना जिथे दमछाक होत होती, तिथे शंभरपट पुढे गेलेला न्यूट्रॉन तारा कोण मान्य करणार? आणि गंमत अशी की तिघांपैकी हा एकच पर्याय असा होता, ज्याची स्वच्छ, वादातीत खूण असू शकते. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो, म्हणून घड्याळासारखा नियमित स्पंद ते देऊ शकत नाही. न्यूट्रॉन ताऱ्याला पृष्ठभाग असतो, चुंबकीय ध्रुव असतात, तो फिरतो. स्पंद सापडला की वाद संपला. ज्याची परीक्षा सर्वांत सोपी, तोच पर्याय परीक्षेविना बाजूला पडला होता.

काय केलं गेलं

स्फोटाची बातमी येताच नूस्टार एम८२कडे वळवण्यात आली. स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांचे क्ष-किरण पकडायचे, हा मूळ हेतू. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत निरीक्षणं चालली. त्याच चौकटीत एक्स-१ आणि एक्स-२ होते. नूस्टारला ते वेगळे दिसत नव्हते, पण प्रत्येक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, कधी आला याची वेळ ती फार बारकाईने नोंदवते.

पहिला निर्णय इथे झाला. पथकाने स्फोटापुरतं पाहून माहिती बाजूला ठेवली नाही. शेजारच्या स्रोतांच्या प्रकाशात नियमित स्पंद आहेत का, हेही तपासलं. न्यूट्रॉन तारा सापडेल या अपेक्षेने नव्हे. हाताशी आलेली दुर्मीळ, लांबलचक माहिती सगळ्या बाजूंनी चाळून पाहायची, एवढ्यासाठी. आणि १.३७ सेकंदांचा स्पंद निघाला.

यानंतरचा टप्पा मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो, म्हणून तिथे थोडं थांबतो. स्पंद दिसला तरी दोन शंका उरतात: तो खरा आहे का, आणि तो कोणाचा आहे?

पहिल्या शंकेचं उत्तर स्पंदाच्या लयीतच होतं. १.३७ सेकंदांची लय अगदी स्थिर नव्हती. स्पंद थोडे लवकर, मग थोडे उशिरा येत होते, आणि हे मागेपुढे होणं सुमारे अडीच दिवसांच्या आवर्तनाने, अतिशय गुळगुळीतपणे चाललं होतं. न्यूट्रॉन तारा जोडीदाराभोवती फिरताना कधी आपल्याकडे येतो, कधी दूर जातो, त्याचा हा ठसा. कक्षेमुळे स्पंद येण्याची वेळ दोन्ही बाजूंना सुमारे २२ सेकंदांनी सरकते, म्हणजे १६ स्पंदांएवढी. अडीच दिवसांच्या जवळजवळ वर्तुळाकार कक्षेची नक्कल दुर्बिणीतला बिघाड करू शकत नाही. कक्षेच्या आकड्यांवरून जोडीदार तारा किमान ५ सौर वस्तुमानांचा आहे, हेही निघालं.

हाच मुद्दा उलटा फिरवून पाहा. कक्षेची दुरुस्ती न करता दिवसभराचे फोटॉन एकत्र केले, तर १६ स्पंदांची ही सरकासरक सगळी लय पुसून टाकते. ‘स्पंद सापडले नाहीत’ असं कोणी म्हणतं तेव्हा कक्षेचा विचार धरून शोधले होते का, हे विचारावंच लागतं.

दुसरी शंका जागेची. नूस्टारच्या डागात दोन स्रोत होते आणि नावाजलेला होता एक्स-१. घाईत श्रेय त्याला देऊन टाकणं सोपं होतं. पथकाने तसं केलं नाही. स्पंदांचा जोर वाढतो तेव्हा डागाचं केंद्र कोणत्या बाजूला झुकतं ते पाहिलं आणि चंद्राच्या बारीक नजरेने टिपलेल्या जागांशी जुळवलं. उत्तर एक्स-२ आलं. जागा ओळखणारं यंत्र आणि वेळ ओळखणारं यंत्र इथे एकाच प्रश्नाला लावलं गेलं.

निष्पत्ती

९ ऑक्टोबर २०१४च्या ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या अंकात हा शोध छापला गेला. लेखकांच्या लांब यादीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडला जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांचंही नाव आहे. एक्स-२चं क्ष-किरणांतलं कमाल तेज ४७ लाख सूर्यांएवढं निघालं. जुन्या सवयीने भागाकार केला असता तर वस्तुमान १४० सूर्यांच्या वर आलं असतं. प्रत्यक्षात ती वस्तू होती साधारण १.४ सौर वस्तुमानाची आणि २०-२५ किलोमीटर व्यासाची. चूक शंभरपट, आणि २०१०च्या अंदाजाशी ताडून पाहिलं तर हजारो पट.

न्यूट्रॉन तारा मर्यादा कशी ओलांडतो? मुळात ती मर्यादा सर्व दिशांनी सारखा वायू पडतो आणि सर्व दिशांनी सारखा प्रकाश जातो, असं धरून काढलेली आहे. पल्सारचं, म्हणजे असे स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं, चुंबकीय क्षेत्र वायूला दोन ध्रुवांकडे वळवतं. वायू वरून खांबासारखा उतरतो आणि प्रकाश बाजूंनी निसटतो, त्यामुळे दोघांची समोरासमोर टक्कर होत नाही. क्षेत्र पुरेसं बलवान असेल तर इलेक्ट्रॉन प्रकाशाला कमी अडवतात आणि रेटाही घटतो. नरसाळ्याची कल्पना इथेही लागू पडू शकते. यांतलं कशाचं योगदान किती, यावर मतभेद आहेत.

त्या वादात पुढे एक महत्त्वाची भर पडली. नूस्टारच्या सात-आठ वर्षांच्या नोंदींवरून एक्स-२ची कक्षा किंचित आकसते आहे, हे मोजलं गेलं आणि २०२२मध्ये छापलं गेलं. त्यावरून वायू किती ओढला जातो याचा हिशेब निघाला: वर्षाला सुमारे दीड पृथ्वी एवढा. एवढ्या वायूतून ते तेज खरोखर निघू शकतं, सगळं श्रेय नरसाळ्याला द्यायची गरज पडत नाही. कक्षा दुसऱ्या कारणानेही आकसू शकते, हा आक्षेप अर्थातच आहे. पण तेजावरून उलटा अंदाज बांधण्यापेक्षा वायूची आवक स्वतंत्रपणे मोजणं, ही फार मोलाची गोष्ट आहे.

मग बाकीचे स्रोत पुन्हा उघडले गेले. एनजीसी ५९०७ या दीर्घिकेतला स्रोत एक्स-१च्याच तोडीचा, ५ कोटी प्रकाशवर्षांहून दूर. तिथे १.१३ सेकंदांचा स्पंद निघाला, आणि वस्तू न्यूट्रॉन ताऱ्याच्या मर्यादेच्या शेकडो पट पुढे. एनजीसी ३००मध्ये ३१.६ सेकंदांचा, एम५१मध्ये २.८ सेकंदांचा. २०१७मध्ये तर आपल्याच आकाशगंगेत स्विफ्ट जे०२४३ हा पल्सार २.६ लाखांच्या रेघेपलीकडे गेला, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनलेली उपकरणं नेणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहानेही तो पाहिला.

काय वेगळं करता आलं असतं

एनजीसी ५९०७च्या स्रोताचे स्पंद २०१७मध्ये जाहीर झाले, पण एक्सएमएम-न्यूटनच्या २००३च्या नोंदींतही ते आहेत. तेव्हा स्पंद १.४३ सेकंदांचा होता, २०१४पर्यंत १.१३ वर आला, म्हणजे तारा झपाट्याने वेग घेत होता. पुरावा दहा वर्षांहून जास्त काळ संग्रहात, कोणालाही उतरवून घेता येईल असा पडून होता. या प्रकरणाचा दोष केवळ यंत्रांवर टाकता येत नाही, तो इथे. एक्स-२च्या बाबतीत यंत्रांची अडचण खरी होती. एनजीसी ५९०७च्या बाबतीत माहिती होती, शोधण्याची पद्धत होती, गणनाची ताकदही बरीचशी होती. कृष्णविवरात स्पंद शोधायचे कशाला, ही समजूत तेवढी आड आली.

माझ्या मते पहिली चूक नामकरणाच्या वेळची नाही. ‘अतितेजस्वी स्रोत’ हे नाव फक्त जे दिसतं तेच सांगतं, ते चांगलंच नाव आहे. चूक पुढे झाली, वस्तुमानाचे आकडे ‘कृष्णविवर असेल तर’ या अटीसह निघत होते आणि अट हळूहळू गळून पडली तेव्हा. प्रत्येक नव्या तेजस्वी स्रोतावर कक्षेची दुरुस्ती धरून एकदा स्पंदशोध चालवायचा, एवढा रिवाज २००५च्या आसपास पडला असता तरी चित्र वेगळं दिसलं असतं.

स्पंद सापडल्यावर दुसऱ्या टोकाला जाण्याचाही धोका होता, आणि तो अजून आहे. आज अशा स्रोतांचे १८०० हून जास्त उमेदवार यादीत आहेत, स्पंद देणारे त्यांत मोजके. पण स्पंद शोधता येतील इतके फोटॉन ज्यांच्याकडून आले असे स्रोतही थोडेच. म्हणून ‘बहुतेक सगळे न्यूट्रॉन तारेच’ हे वाक्यही तितक्याच सांभाळून बोलायला हवं.

त्याच ९ ऑक्टोबर २०१४च्या अंकात एक्स-२च्या लेखाच्या लगेच आधी दुसरा एक लेख छापला होता. एनजीसी ७७९३मधल्या पी१३ या अतितेजस्वी स्रोताचा. त्या पथकाने जोडीदार ताऱ्याचा सुमारे ६४ दिवसांचा फेरा अभ्यासून दाखवलं की आतली वस्तू १५ सौर वस्तुमानांहून हलकी आहे. मधल्या वजनाच्या कृष्णविवरांच्या कल्पनेला तो मोठा धक्का होता, मापनही बरोबर होतं. फक्त शीर्षकात त्या वस्तूला कृष्णविवर म्हटलं होतं. दोनच वर्षांत पी१३मधून ०.४२ सेकंदांचे स्पंद सापडले. आधीच्या काही वर्षांच्या नोंदी उघडल्या, तर त्यांतही होते.

आणि एक्स-१? २०१४च्याच ऑगस्टमध्ये त्याच्या हेलकाव्यांवरून सुमारे ४०० सौर वस्तुमानांचा अंदाज आला. दोन हेलकाव्यांचं प्रमाण, ओळखीच्या काही कृष्णविवरांत दिसतं तसंच, ३:२ असल्याने तो एक्स-२च्या २०१०च्या अंदाजापेक्षा जास्त भक्कम आधारावर उभा आहे. एक्स-१मधून स्पंद सापडलेले नाहीत. पण एक्स-२चे स्पंदही प्रत्येक निरीक्षणात दिसत नाहीत. ते येतात, महिनोन् महिने मावळतात, पुन्हा येतात. एक्स-१च्या नावापुढे ‘कृष्णविवर’ लिहिताना ती जुनी अट आता तरी सोबत लिहावी लागते.